पेत्राबाईंनी कादिसला कधी यावं?

लेवांते सुटला की स्पेनच्या किनाऱ्यावरल्या कादिसमधली माणसं थोडी वेडी होतात, असं तिथलीच माणसं सांगतात, आणि सांगताना त्यांना जरा अभिमानही वाटतो. सप्टेंबरातल्या त्या सकाळी हा पूर्वेचा वारा तिसऱ्या दिवशीही थांबायचं नाव घेत नव्हता. बंदराजवळच्या पर्यटक माहिती केंद्रात रेग्ला दोन्ही हातांनी नकाशांचा गठ्ठा दाबून बसली होती, आणि तिच्या खिडकीसमोर एक उंच, सडपातळ माणूस डोळ्यांतली वाळू चोळत उभा होता.

“एक विचारायचं होतं,” तो म्हणाला. “या शहरात यायला सगळ्यात चांगला ऋतू कोणता?”

रेग्लानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. केसांत वाळू, भुवयांत वाळू, शर्टाच्या खिशात तर मूठभर तरी असावी.

“आजचा दिवस सोडून कुठलाही,” ती म्हणाली. “पण तुम्ही तर येऊन बसलायत!”

“माझ्यासाठी नाही विचारत... आईसाठी. ती सोरियाला असते, तिकडे उत्तरेला डोंगरात. बहात्तर वर्षांची झाली, अजून समुद्र पाहिला नाही तिनं. एकदाच येईन म्हणते. म्हणून म्हटलं, चांगल्यात चांगले दिवस बघून आणावं.”

“आणि तुम्ही इथं कसे?”

“शाळेत लागलोय. भूगोल शिकवतो.”

“भूगोलाचे मास्तर, आणि हवामान मला विचारताय?”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रेग्लाला हसू आलं, आणि लगेच ते विरलंही. शाळामास्तर... म्हणजे हासुद्धा दहा महिन्यांचाच.

कादिसमध्ये घरं अशीच मिळतात. सप्टेंबरपासून तीस जूनपर्यंत मास्तरांना, आणि जुलै-ऑगस्ट चौपट भाड्यानं सुट्टीवाल्यांना. तीस जूनला मास्तरांनी किल्ली ठेवायची आणि चालू लागायचं. ज्यांची नोकरी पक्की नाही, त्यांना तर पुढच्या वर्षी कुठलं गाव मिळेल तेही ठाऊक नसतं. दोन वर्षांपूर्वी असाच एक संगीताचा मास्तर रेग्लाच्या आयुष्यात आला होता. जूनमध्ये दोन बॅगा घेऊन, डोळ्यांत पाणी आणून, ढीगभर वचनं देऊन गेला. नाताळात त्याचं एक कार्ड आलं, त्यानंतर काहीच नाही. तेव्हापासून रेग्लानं मनाशी ठरवून टाकलं होतं, मास्तरांच्या वाटेला जायचं नाही.

मास्तरच तिच्या वाटेला येत राहिला, त्याला ती काय करणार? एलॉय त्याचं नाव. दर गुरुवारी शाळा सुटली की खिडकीशी हजर.

ऑक्टोबर उजाडला तो असा की पाहत राहावं. ऊन कोवळं, वारा नाही, गर्दी ओसरलेली. रेग्लाच्या समोरच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापलेलंच होतं, मे आणि ऑक्टोबर उत्तम.

“आता?” एलॉयनं विचारलं. “आईचं तिकीट काढू?”

रेग्लानं ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. आई येईल, चार दिवस राहील, समुद्र बघून परत जाईल. मग हा कशाला येईल खिडकीशी? काय विचारायला?

“इतक्यात नको,” ती म्हणाली. “या दिवसांत... समुद्र फसवा असतो. थोडं थांबा.”

“बरं,” तो म्हणाला आणि अर्धा तास उभाच राहिला.

तो गेल्यावर शेजारच्या टेबलावरची चारो खुर्चीसकट वळली. केंद्रात वीस वर्षं काढलेली बाई ती, तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

“समुद्र फसवा? अगं, सकाळी मी स्वतः डुंबून आले. परातीतल्या पाण्यासारखा आहे नुसता!”

“म्हातारं माणूस आहे, चारो. काळजी घ्यायला नको?”

“कुणाची काळजी घेतेयस ते दिसतंय मला,” चारो म्हणाली.

नोव्हेंबरात रेग्लानं ओल पुढे केली. भिंतींना घाम फुटतो, आईच्या गुडघ्यांना सोसायचं नाही. डिसेंबरात सांगितलं की दिवस फार लहान. जानेवारीत दोघं रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या विक्रेत्याच्या टेबलाशी उभं राहून समुद्रातल्या काटेरी साळी कवच फोडून, लिंबू पिळून खात होती. एव्हाना ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं.

“आत्ता आण म्हणावं, तर आई या साळी बघूनच पळेल,” रेग्ला म्हणाली.

“मग या गावात चांगला ऋतू येतो तरी का?”

“येतो की. मंगळवारी दुपारी. नेमके आम्ही झोपलेले असतो.”

तो इतका हसला की लिंबाचा रस त्याच्या बाहीवर सांडला. फेब्रुवारीत कार्निव्हल आलं. रस्त्यारस्त्यावर गाणारी टोळकी, रंगवलेले चेहरे, पाय ठेवायला जागा नाही... ‘एवढ्या गोंगाटात आईला कुठं आणतोस?’ हे तिनं त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं. कान इतका जवळ होता, आणि गर्दीनं मागून इतकं ढकललं, की तिच्या गालावरचा लाल रंग त्याच्या नाकाला लागला. त्यानं तो पुसला नाही. उलट... उरलेला रंगही त्यानं ओठांनीच टिपून घेतला.

सुख म्हणतात ते हेच असावं, असं रेग्लाला वाटलं. आणि त्याच सुखाची तिला भीती वाटू लागली. जून हा शब्द ती उच्चारत नसे, तोही नसे. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे ती शक्यतो पाठ करूनच बसे.

ईस्टरच्या सुट्टीत एलॉय घरी गेला. सोमवारी येतो म्हणाला होता. सोमवार गेला, मंगळवार गेला. फोन केला तर ‘आल्यावर बोलू’ एवढंच. रेग्लाचा जीव टांगणीला लागला. गुरुवारी तो खिडकीशी आला तेव्हा त्याचा चेहरा पाहूनच तिनं हातातले नकाशे खाली ठेवले.

“आईच्या डोळ्यांत बिघाड आहे,” तो म्हणाला. “गेल्या उन्हाळ्यापासून. कुणाला बोलली नाही. परवा माझ्यासमोर दूध ओतत होती... सगळं कपाच्या बाहेर. तेव्हा कळलं. मधलं दिसतच नाही तिला, आता फक्त कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही.”

रेग्ला खुर्चीतून उठून उभी राहिली.

“ऑक्टोबरात अजून सुई ओवत होती म्हणे,” एलॉय म्हणाला. “सांग ना, रेग्ला. कधी आणू तिला?”

“उद्या,” ती म्हणाली. “उद्या आण.”

उद्या जमलं नाही. शाळेच्या परीक्षा, बसची तिकिटं... मे महिन्याचा पहिला शनिवार ठरला. तोवरचे दिवस रेग्लानं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. ऑक्टोबर. सुई ओवत होती. आणि आपण तोंड वर करून सांगितलं, समुद्र फसवा असतो!

“गप्प बस,” चारोनं बजावलं. “तुला कुणी विचारलंय? सांगितलंस तर तीस जूनचीसुद्धा वाट बघणार नाही तो.”

चारोचं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच रेग्ला जास्त घाबरली. सांगितलं तर तो जाणार. आणि नाही सांगितलं, तर तो जवळ असला तरी त्याच्या डोळ्याला डोळा कसा भिडवायचा?

एलॉयची आई, पेत्राबाई, आल्या त्या दिवशी नेमका लेवांते सुटला. बसमधून उतरताना त्यांच्या डोक्यावरचा रुमाल उडाला, तो थेट समोरच्या टॅक्सीवर. काळा झगा, जाड मोजे, दुष्काळी भागातल्या बाईसारखं कडक अंग. मान जरा वाकडी करून त्या कडेनं बघायच्या.

“तुमच्याकडे हे नेहमी असंच असतं का गं?” त्यांनी न्यायला आलेल्या रेग्लाला विचारलं.

“कालेताला जाऊ या,” रेग्ला म्हणाली. “ती बाजू वाऱ्याच्या आड आहे.”

कालेताचा छोटा किनारा खरंच शांत होता. शहराच्या पाठीमागे वारा घोंघावत होता, आणि इथं पाणी दूरवर निवांत पसरलं होतं. एलॉयनं आईला हाताला धरून वाळूपर्यंत आणलं. पेत्राबाई थांबल्या. मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

“मला सारखा मधोमध एक डाग दिसतो,” त्या शेवटी म्हणाल्या. “ताटाकडे बघितलं की ताट जातं. एलॉयकडे बघितलं की एलॉय जातो. पण हा...” त्यांनी दोन्ही हात पसरले. “हा डागाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलाय, बाई! केवढा आहे हा!”

एलॉय हसला, आणि त्यानं पटकन डोळे पुसले. रेग्लाचाही श्वास मोकळा झाला. तेवढ्यात पेत्राबाई तिच्याकडे वळल्या.

“आणि तू गं, खिडकीवाली? ये अशी समोर. केस दिसतात... कान दिसतात. तोंड तेवढं गेलं बघ. उशीरच झाला मला.”

रेग्ला वाळूत खाली बसली.

“ऑक्टोबर चांगला होता,” ती म्हणाली. “सगळ्यात चांगला. नोव्हेंबरही वाईट नव्हता. मी खोटं बोलले. तुम्ही येऊन गेलात की हा खिडकीशी यायचा बंद होईल... म्हणून दर वेळी नाही म्हणत गेले. ऑक्टोबरात तुम्हाला सगळं दिसत होतं. मी... माझ्यामुळे...”

एलॉय जागेवरून हलला. पाण्याच्या दिशेनं चालत गेला, आणि दोघींकडे पाठ करून उभा राहिला. लाटा त्याच्या गुडघ्यांपर्यंत येत होत्या तरी मागे सरला नाही. संपलं, रेग्लाला वाटलं. जूनसुद्धा लागला नाही.

“रडतेस होय?” पेत्राबाईंनी चाचपत तिचा खांदा धरला. “मी दर रविवारी फोनवर विचारायचे त्याला, खिडकीवाली काय म्हणाली? नोव्हेंबरातच ओळखलं मी. इतकी वाईट हवा कुठल्याच गावाला नसते.”

“मग तुम्ही तशाच निघून का नाही आलात?”

“आले असते तर डोळ्यांचं कळलं असतं ना त्याला. घाबरत होते मी. तुझं ‘नाही’ माझ्या पथ्यावरच पडायचं, पोरी.”

एलॉय ओल्या हातांनी तोंड पुसत परत आला. गुडघ्यापर्यंत भिजलेला. तो रेग्लासमोर उकिडवा बसला.

“ऑक्टोबरात मी याच गावात होतो,” तो म्हणाला. “दोन धडधाकट डोळे घेऊन. रोज शाळेतून घरी जाताना हाच समुद्र बघत होतो. दिवस कसे आहेत ते मला कळत नव्हतं?”

“मग विचारत कशाला होतास?”

“तू नाही म्हणावंस म्हणून.”

रेग्लानं मान वर केली.

“सगळा दोष एकटी घेऊ नकोस,” तो म्हणाला. “अर्धा माझा आहे. जन्मभर राहील तो माझ्याकडे.”

“वाटण्या नंतर करा,” पेत्राबाई म्हणाल्या. “आधी मला सांग एलॉय, दिसते कशी ही?”

“कशी म्हणजे... नाक लांब आहे.”

“एलॉय!” पेत्राबाईंनी दटावलं.

“आता आणखी खोटं बोलायचं का? लांब आहे, आई. त्यावर वाळू चिकटलीय. डोळे तपकिरी, रडून सुजलेत. डाव्या गालावर खळी पडते, पण ती दिसायला हिला चिडवावं लागतं. घाबरली की खालचा ओठ चावते. आत्ता चावतेय. सप्टेंबरपासून बघतोय... कसली एवढी भीती वाटते हिला, देव जाणे.”

“तीस जूनची,” रेग्ला म्हणाली. एवढे महिने गिळलेला शब्द अखेर बाहेर पडला. “तू जाशील याची.”

एलॉयनं मान डोलावली.

“घर सोडावं लागेल,” तो म्हणाला. “पुढची शाळा कुठं देतील ते माझ्या हातात नाही. देशाच्या दुसऱ्या टोकालाही देतील.”

“ठाऊक आहे मला.”

“पण तुला सोडायचं माझ्या मनातसुद्धा नाही. प्रेम करतो मी तुझ्यावर, रेग्ला. कुठल्या तारखेपर्यंत, असं काही ठरवलेलं नाही.”

किती वाट पाहिली होती या वाक्याची, आणि ते ऐकल्यावरही भीती तशीच होती. जरासुद्धा कमी झाली नव्हती.

“मला अजून भीती वाटतेय,” ती म्हणाली.

“वाटू दे,” पेत्राबाई म्हणाल्या. त्यांची बोटं रेग्लाच्या कपाळावरून, लांब नाकावरून सावकाश खाली येत होती. “मला रोज सकाळी डोळे उघडायची भीती वाटते. उघडतेच ना मी?”

रेग्लानं दाताखालचा ओठ सोडला, आणि एलॉयचे ओले, गार हात आपल्या हातांत घेतले.