दोन रिकामे पाट

“हात लावू नको त्याला!... तुजा गेला, आता माज्या पोराच्या पायांवर डोळा हाय तुजा?”

काशीनं कान्हाला सकुबाईच्या मांडीवरनं ओढलं आणि तेलाची वाटी ओट्यावर कलंडली. सख्ख्या बहिणी त्या, एकाच घरात दिलेल्या. थोरली थोरल्याला, धाकटी दामूला. नवऱ्यामागं सकुबाईला एक जैतूच उरला होता, तोही पायानं लुळा होऊन गेला... तेव्हापासून मुरबाडच्या बाजारापर्यंत लोक तिला नजरेची बाई म्हणत, आणि ती मुकाट ऐकून घेई!

कान्हाच्या पोटऱ्या टणक, फुगीर. दामू येईल त्याला दाखवायचा, “म्हशाच्या जत्रंत कुस्ती मारनार माजा पैलवान!” सगळे हसायचे, फक्त सकुबाई त्या पोटऱ्यांकडं बघत राहायची, कारण जैतूच्याही तशाच होत्या... आणि त्या बघण्यालाच काशी नजर म्हणाली. यंदा, एकसष्टच्या जत्रेत, पैलवान आखाड्यात उतरला, पडला, आणि गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत, जणू आपल्याच अंगावर चढत उठला. लोक खोखो हसले!

काशी असं ओरडत होती, तेवढ्यात मुंबईचा डॉक्टर ओट्याशी आला. असल्या पोरांचा शोध घेत तो गावोगाव फिरत होता. त्यानं कान्हाला खाली बसवलं, उठ म्हणाला, आणि पोर तसंच स्वतःवर चढत उठलं.

“ही नजर नाही बाई,” डॉक्टर म्हणाला. “हे बहुतेक आईच्या माहेरातून येतं. मुली धडधाकट राहतात, त्यांच्या मुलांत उतरतं. औषध अजून सापडलेलं नाही. घरं खरं सांगतील, तेव्हाच पुढं काही कळेल. तुम्हाला भाऊ होते?”

“म्हंजे खोट काशीत?” उंबऱ्यात उभा दामू भडकला. “असं असंल तर आजच घराभायर काढतो हिला!”

सकुबाई झटकन पुढं झाली.

“भाऊ?... नाय व्हते, डॉक्टर. माजीच नजर वाईट.”

काशीला एकाएकी ते पाट आठवले. भाऊबीजेला दोघी चंद्राला ओवाळायच्या, भाऊ नाही म्हणून. पण सकुबाई अंगणात दरसाल दोन पाट मांडायची. विचारलं की म्हणायची, एक चंद्राचा, एक त्याच्या सावलीचा.

“चंद्राला एक पाट पुरतो गो आक्का!... दुसरा कोनाचा?”

सकुबाईचा बांध फुटला. “दोनी बी आपल्या भावांचे गो! तू पाळन्यात व्हतीस... बसूनच सरकायचे दोगं. ते गेले, आयेनं गाव सोडला. मरताना मला शपथ घातली, काशीला उजवायची हाय, बोलू नको. तुला घालवतील म्हनून मी नजरेची झाले... माजं काय उरलं व्हतं?”

“आन मी तुला चेटकीन बोलले गो!” काशीनं तिच्या पायांवर डोकं आपटलं. मग डोळे पुसत उठली, आणि नवऱ्यासमोर ताठ उभी राहिली.

“लिवा डॉक्टर. माज्या माहेरचं हाय, माज्या रक्तातलं. ह्यांना काढायचं तर काढू दे मला, पन आदी लिवा! पुढं कोन्या आयला तरी कळंल...”

दामू कितीतरी वेळ पोराच्या पोटऱ्यांकडं बघत राहिला. मग कान्हाला उचलून त्यानं सकुबाईच्या मांडीवर ठेवलं.

“चोळ वयनी,” तो म्हणाला, “तेल सांडतंय.”

पुढल्या भाऊबीजेला बीजेची कोर दिसली तेव्हा काशीनंच दोन पाट मांडले.

“नावं सांग आक्का. इतकी वर्सं बिननावाचं ओवाळलं.”

“थोरला गुणा...” सकुबाईनं दुसऱ्या पाटाकडं बोट केलं, “धाकला बारक्या.”

काशीनं एकेकाला नावानं हाक मारत ओवाळलं. कान्हा आता उठत नव्हता. मावशीच्या मांडीवरून तो टकामका बघत होता.

“मावशे, पुढच्या वर्साला माजा बी पाट मांडशील यांच्याबरूबर?”

सकुबाईनं पोराला छातीशी घट्ट, घट्ट आवळलं.

“पाट कशाला रे तुला, राजा... माजी मांडी हाय ना!”