आमच्या गाडीत कुणी मरत नाही

ही घटना खरी आहे.

मी लातूरच्या एका दैनिकात काम करतो. दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय बातमी देत नाही. ही मी कधीच दिली नाही, कारण यातली दुसरी साक्षीदार उदगीर-लातूर रस्त्यावर, नळेगावच्या पुढं वारली.

आणि कागदावर ती तिथं वारलेलीच नाही.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. मे महिन्यातली भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

अमरेश माझा मावसभाऊ. नांदेडला डॉक्टरकी शिकला आणि एका खासगी संस्थेच्या रुग्णवाहिकेवर लागला. हुशार पोरगा. हाताला गुण होता. पण त्याला एक अभिमान होता, आणि तो कुणालाही सांगायचा.

"दादा, आमच्या गाडीत कुणी मरत नाही."

त्याचा ड्रायव्हर शेषेराव यावर हसायचा. "मेल्यालं बी डाक्टरला भिऊन दवाखान्याच्या दारापस्तोर दम धरतंय!"

मीही हसायचो. एकदा विचारलं, हे जमतं कसं? अमरेश म्हणाला, "दारात पोचेपर्यंत छाती दाबत राहायची. मग ते मरण दवाखान्याचं."

छाती दाबत राहणं चूक नाही. नियमच तो आहे. चूक दुसरीच झाली.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग जिवंतपणी अंगावेगळं करायचं नाही आणि मेल्यावर डाव्या तळहातावर ठेवूनच माती द्यायची, हे आमच्याकडं लहान लेकरालाही ठाऊक असतं. शिकल्यापासून अमरेशनं स्वतःचं लिंग घालणं सोडलं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण त्याला माहीत होतं.

त्या दुपारी उदगीरहून सिद्धम्मा नावाच्या म्हातारीला लातूरला हलवायचं होतं. देवणीजवळच्या खेड्यातली. हृदयाचा झटका. सोबत लेक, मंजुश्री. ती मागं चढायला लागली, तसा अमरेश म्हणाला, "ताई, पुढं बसा. मागं रडारड नको."

ती गुमान पुढं बसली.

यापुढचं अमरेशनंच मला सांगितलं. तेही चार महिन्यांनी.

छातीला वायरी लावताना सिद्धम्माच्या गळ्यातली चांदीची डबी मध्ये येत होती. डबीत इष्टलिंग. त्यानं दोरा डोक्यावरून काढला आणि डबी आपल्या निळ्या जाकिटाच्या खिशात टाकली. काम म्हणून ते बरोबरच होतं.

म्हातारी शुद्धीवर होती.

"लेकरा, ते माझ्या हातावर दे."

"आजी, हात हलवू नका. सुई निघंल."

"मंजीला मागं बोलीव. मी चालले."

"काही होत न्हाई तुम्हाला. लातूरला पायानं उतराल."

तिनं पुन्हा मागितलं. त्यानं पुन्हा नाही म्हटलं. हातावर लिंग ठेवायचं म्हणजे ही जाणार हे कबूल करायचं. आणि त्याच्या गाडीत तर कुणी मरत नव्हतं.

मग तिनं बोलणं सोडलं. डाव्या हातात चांदीचं कडं होतं. ते ती स्ट्रेचरच्या दांडीवर आपटू लागली.

टक... टक... टक...

नळेगाव मागं पडलं.

आणि टकटक थांबली.

पुढच्या खिडकीतून मंजुश्रीनं आईबद्दल विचारलं, "डाक्टर, अव्वा बोलते का?"

अमरेशचे दोन्ही हात तेव्हा म्हातारीच्या छातीवर होते. पाठीमुळं लेकीला काही दिसत नव्हतं.

"हाव. ठीक हायत. तुम्ही समोर बघा."

लातूरच्या दवाखान्यानं तपासून मृत घोषित केलं. मरण दवाखान्याच्या नावावर गेलं. तासाभरानं मंजुश्री त्याला शोधत आली.

"डाक्टर, अव्वाच्या गळ्यात लिंग न्हाई."

तो दमलेला होता. चांदी गेली की आधी रुग्णवाहिकेवाल्यावर संशय येतो, हे त्यानं अनेकदा सोसलं होतं. खिसा न चाचपताच तो भडकला. "आम्ही काय चोर वाटलो का?"

ती हात जोडून निघून गेली.

घरी जाकीट काढताना डबी फरशीवर पडली.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. माती दुसऱ्या दिवशी होती. पण परत करायचं म्हणजे "चोर वाटलो का" हे गिळायचं. सकाळी जाऊ, दुपारी जाऊ, असं करता करता हातावर दुसरंच लिंग ठेवून माती झाली. डबी त्यानं कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पुढच्याच आठवड्यात शेषेरावनं रिकामी गाडी मधेच थांबवली.

"डाक्टर... मागं कोन हाय?"

"कुणी न्हाई. का?"

"दांडी वाजवायलंय कोनतरी."

दोघांनी मागचं दार उघडलं. स्ट्रेचर रिकामं. पट्टे बांधलेले.

फक्त डाव्या बाजूचा पट्टा सुटलेला.

शेषेरावनं तो बांधला. पुन्हा निघाले. पुन्हा टकटक. पुन्हा तोच पट्टा.

महिन्याभरात शेषेरावनं दुसरी गाडी मागून घेतली. जाताना एवढंच म्हणाला, "डाक्टर, कुनाचं काही ऱ्हायलं आसंल तर दिऊन टाका."

सप्टेंबरात लातूरच्या एका नर्सिंग कॉलेजात अमरेशचं प्रशिक्षण होतं. बातमीसाठी मी गेलो. म्हणजे यापुढचं मी स्वतः पाहिलंय.

टेबलावर सरावाची बाहुली होती. नुसतं डोकं आणि धड. तिला हात नसतात. छाती नीट दाबली की आतून 'कट' असा आवाज येतो, एवढंच.

"पहिली गोष्ट," अमरेश म्हणाला, "छातीवरचं सगळं काढा. चेन, ताईत, काहीही."

पहिल्या रांगेतल्या तनुजा नावाच्या मुलीनं विचारलं, "सर, काढलेलं द्यायचं कुणाकडं?"

साधा प्रश्न होता.

अमरेश बाहुलीकडं वळला. सगळे त्याच्याकडं बघू लागले.

"आधी करून दाखव," तो म्हणाला. "मग सांगतो."

तनुजा छाती दाबू लागली. कट... कट... कट... तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले. तनुजानं दचकून हात उचलले.

आवाज थांबला नाही.

पण तो आता बाहुलीच्या आतून येत नव्हता. टेबलाच्या लोखंडी कडेवरून येत होता. डाव्या बाजूनं.

टक... टक... टक...

मागून कुणीतरी हसलं. "तनू, बस की आता!"

तनुजा हसली नाही. दोन्ही हात छातीशी धरून ती मागं सरकली. "सर... हिला हात न्हाईत ना?"

"न्हाईत. का?"

"मग माझं मनगट कुणी धरलं?"

अमरेशनं घाम पुसायला जाकिटाच्या खिशातून रुमाल ओढला. रुमालासोबत काहीतरी बाहेर पडलं आणि फरशीवरून गडगडत माझ्या बुटापाशी थांबलं.

चांदीची डबी.

मी उचलली. गार होती. त्या उकाड्यात... बर्फासारखी.

बाहेर जिन्यात त्यानं माझा दंड धरला. "दादा, ही घरच्या कपाटात होती. किल्ली माझ्याजवळ हाय. आईशप्पथ." आणि तिथंच पायरीवर बसून त्यानं सगळं सांगितलं.

मी म्हणालो, "चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मंजुश्रीच्या गावी गेलो. मला वाटलं होतं, ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. तिनं डबी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली आणि रडायला लागली.

"गडबडीत खिशात राहिली," अमरेश म्हणाला. "चुकलं माझं."

"मीच इसरले आसंल, आसं वाटायलतं मला. अव्वा सपनात येती, डाक्टर. डावा हात पुढं करती. रिकामा."

तिनं चहा टाकला. आमच्याच चुकीचा पाहुणचार आम्ही घेत होतो. कप ठेवताना तिनं विचारलं,

"एक सांगा. मी पुढं बसलते. शेवटाला अव्वानं माझं नाव घेतलं का?"

आतल्या खोलीत लोखंडी पलंग होता. रिकामा. घरात आम्ही तिघंच होतो.

टक...

मी अमरेशकडं पाहिलं. त्यानंही ऐकलं होतं. मंजुश्रीनं ऐकलं की नाही, कळलं नाही. ती फक्त त्याच्या तोंडाकडं बघत होती.

टक... टक...

अमरेशचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगतो.

"न्हाई ताई. त्या शुद्धीवरच नव्हत्या. दवाखान्यात पोचल्यावर गेल्या."

टकटक थांबली.

नळेगावच्या पुढं थांबली होती, तशीच.

मंजुश्रीनं मान हलवली. "बरं झालं. हाक मारली आसती अन् मी गेले नसते, तर जलमभर लागलं आसतं." तिनं आम्हाला दारापर्यंत सोडलं. मी तिचा फोन नंबर घेतला. का घेतला, तेव्हा सांगता आलं नसतं.

परतीच्या वाटेवर मी अमरेशला काही बोललो नाही. खोटं तो बोलला होता, पण शेजारी बसून चहा मी प्यालो होतो.

अमरेश अजून त्याच गाडीवर आहे. म्हणतो, आता मागून काही ऐकू येत नाही. लिंग दिलं, सुटलो.

त्याची गाडी शांत आहे, यावर माझा विश्वास आहे.

कारण रोज दुपारी, मजकूर लिहीत असताना, माझ्या लोखंडी टेबलाच्या डाव्या कडेला...

शेजारचे सहकारी विचारतात, बोटं का आपटतोस?

माझे दोन्ही हात कीबोर्डवर असतात.

मंजुश्रीताईंचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. हे लिहिताना तो दोनदा उघडला. दोनदा बंद केला.

टक...