अर्धा डेसिबल

लो बी-शियाचे कान अख्ख्या बाजारात गाजलेले होते, आणि ही गोष्ट तिला स्वतःलाही चांगलीच ठाऊक होती. तैपेईच्या कॉम्प्युटर-बाजारात तिसऱ्या मजल्यावर तिचं दुकान. दुकान कसलं, भिंतींना स्पंज चिकटवलेली एक खोली! गिऱ्हाइकानं हेडफोन आणावा, हिनं तो कॉम्प्युटरला जोडून इक्वलायझरच्या दहा पट्ट्या वर-खाली कराव्यात, आणि मग त्यानं डोळे विस्फारून विचारावं, "अहो, हा माझाच का?" खर्ज किती सोडायचा, तारस्वर किती दाबायचा, सगळं माप तिच्या कानात. मोजायच्या यंत्राबिंत्राला ती कधी शिवलीसुद्धा नाही.

त्या दुपारी तर बाईंचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. चार वाजता एका नव्या हेडफोन कंपनीचा फान नावाचा माणूस येणार होता. तिनं लावलेल्या पट्ट्या त्याला पसंत पडल्या, की कंपनीच्या प्रत्येक हेडफोनसोबत तीच जुळणी जाणार, आणि वर नाव झळकणार, लो बी-शिया. बावीस वर्षं तिनं कारखान्यात हेडफोन कानाला लावून तपासले होते, आणि खोक्यावर शिक्का पडायचा तो 'तपासनीस ७'. आता नाव! पडद्यावर तिनं ते आधीच ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं.

शेजारचा वायरवाला अ-शिओंग दारातून डोकावला. नाव बघितलं मात्र, त्याचा चेहराच उतरला.

"शिया-ताई, पूर्ण नाव कशाला लिहिलंस? सातवा महिना चालू आहे, मेलेल्यांचा. पूस बघू आधी."

"का रे? भुतं, तुमचे ते 'भले भाऊ', हेडफोन घ्यायला येणारेत?"

"हळू बोल गं! या महिन्यात त्यांना दार उघडं असतं. पूर्ण नाव घ्यायचं नाही, आणि मागून कुणी घेतलंच तर ओ द्यायची नाही. माझी आई सांगायची..."

"तुझी आई मांजर आडवं गेलं तरी भूत म्हणायची. बावीस वर्षं मी नुसती सात नंबर होते, शिओंग. आता डोळे भरून नाव बघू दे की मला!"

"बघ बाई," म्हणत तो गेला. तिनं दार लावून घेतलं आणि दिवा मालवला. अंधारात तिचे कान जास्त चालायचे.

गाणं लावायच्या आधी ती नेहमी हेडफोन नुसताच कानावर चढवून बसायची. कानाला शांततेची सवय झाली की मगच काम. आत पडद्याचा निळसर उजेड होता, तापलेल्या स्पंजचा वास होता. हळूहळू त्यात दुसरा वास मिसळला... वायरी जोडायच्या गरम डाखाचा, कारखान्यात असायचा तसा.

आणि उजव्या कानात कुणीतरी म्हणालं,

"लो बी-शिया..."

हजेरी घेताना घेतात तसं. आवाज बाईचा होता, वयस्क, दमलेला. आपलं नाव असं पुरं, रुबाबात उच्चारलेलं ऐकून तिची छाती फुगली. तोंडातून निघूनच गेलं, "हजर!"

मग तिची नजर मांडीवर गेली. हेडफोनची वायर अजून तिथंच होती. कॉम्प्युटरला लावलीच नव्हती.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. दुसरी कुणी असती तर चपला टाकून पळाली असती. पण चार वाजत आले होते. बी-शियानं वायर जोडली, गाणं लावलं, पट्ट्या जुळवू लागली.

नववी पट्टी आपोआप खाली सरकली. अर्धा डेसिबल.

तिनं ती वर नेली. पट्टी पुन्हा खाली आली.

"हात लावायचा नाही," ती दबक्या आवाजात म्हणाली. "हे काम माझं आहे..."

पट्टी तिसऱ्यांदा खाली आली. तेव्हा कुठे तिनं नीट ऐकलं, आणि तिला रडूच कोसळलं. बरोबर होतं! गाणाऱ्या बाईच्या 'स'ला बारीकशी धार होती, ती गेली होती. जी चूक तिच्या कानांनी पकडली नाही, ती त्या... त्या कुणीतरी पकडली होती. मग एकेक करून बाकीच्या पट्ट्याही हलल्या. ती हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली.

आपली जुळणी परत आणणं तिच्या हातात होतं. फानला फरक कळलाही नसता. पण तिला कळला असता, आणि वाईट काम आपल्या नावावर जाऊ देणाऱ्यांतली ती नव्हती. तिनं ती परकी जुळणी ठेवली. वरचं नाव मात्र आपलंच ठेवलं.

फाननं ऐकलं, हेडफोन काढला आणि उभा राहून कमरेत वाकला. "लो बाई, कसं केलंत हे?"

"कानांनी," ती मान ताठ करून म्हणाली. आयुष्यात इतकं सुख तिला कधी झालं नव्हतं.

तो गेल्यावर ती सज्ज्यात आली. खाली स्कूटरी धावत होत्या, पण त्यांची कर्कश धार कुणीतरी अलगद काढून घेतली होती. पंख्याची शीळ गेली होती. उजव्या कानाला सगळा रस्ता किती गोड लागत होता! तिला हसू आलं. अस्सं पाहिजे काम.

"ताई, झालं का पक्कं?" अ-शिओंग धावत आला. "अगं, बोल की!"

त्याचं बोलणं उजव्या कानात बारीक होत गेलं. मधल्या पट्ट्या, तिनं ओळखलं. चौथी, पाचवी, सहावी. माणसाचा आवाज असतो त्या. एकेक, अर्ध्या-अर्ध्यानं, कुठेही खरखर न होता खाली उतरत होत्या. त्याचे ओठ हलत होते आणि डाव्या कानाला तेवढं ऐकू येत होतं, "ताई, अशी काय बघतेस?"

निदान हा तरी वाचावा म्हणून तिनं डावा कान तळहातानं गच्च दाबून धरला.

त्या तळहाताच्या आत, अगदी जवळ, कुणीतरी समाधानानं म्हणालं,

"उजवा झाला... आता हा."