बुध ४

मी पाणी तपासते. प्रयोगशाळेत रोज तीस-चाळीस बाटल्या येतात. मी आकडे काढते, वहीत लिहिते, खाली सही करते. पंधरा वर्षं हेच केल्यावर माणसाची पदरचं काही घालायची सवय सुटते.

म्हणून सांगते, पुढे लिहिलंय त्यातलं एक अक्षरही पदरचं नाही. दिवस आणि वेळा वहीत आहेत. अर्थ तेवढा लिहिलेला नाही, कारण तो मला लागलेला नाही.

जागा होती बाबांची अभ्यासिका. दिवस मंगळवार, संध्याकाळचे सहा.

बाबांना जाऊन त्रेचाळीस दिवस झाले होते.

बाबा चर्चचे पाळक होते. घर मंडळीचं होतं, महिनाअखेर रिकामं करायचं होतं. आई आणि मी दोघीच. दिवसभर प्रयोगशाळा आणि घरी आलं की खोकी. पुस्तकं, कपडे, पुन्हा पुस्तकं. आम्ही दोघी इतक्या दमलो होतो की रडायचंही पुढे ढकलत होतो.

नवे पाळक तरुण होते, बोलायला फार नम्र.

"ताई, संगणक मंडळीचा आहे, तो शनिवारी नेतो," ते म्हणाले होते. "फक्त त्या बायबल अभ्यासाच्या सॉफ्टवेअरमधल्या याद्या जरा लावून द्याल का? साहेबांची एवढी मेहनत आहे. मी उघडलं आणि लगेच मिटलं. जंगल आहे हो!"

जंगलच होतं. फेव्हरेट्समध्ये सहाशे चौदा नोंदी. लग्नाची वचनं, आजारपणाची वचनं, भांडण मिटवायची वचनं. एकच वचन पाच ठिकाणी. एका फोल्डरचं नाव 'बघू', दुसऱ्याचं 'नंतर बघू'. वाचून संपलेलं सगळं 'झाले' नावाच्या फोल्डरमध्ये.

आणि सगळ्यात वर, पट्टीवर, शॉर्टकटची पाच बटणं.

सोम १०. मंगळ ५. बुध ४. शुक्र ११. शनि ६.

बाबा अंथरुणाला खिळलेल्या लोकांना वाचून दाखवायचे, कुणाला घरी जाऊन, कुणाला फोनवरून, त्या त्या वारी, त्या त्या वेळी. बटण दाबलं की मागच्या वेळी जिथे थांबले होते ते पान उघडायचं. वाचून झालं की ते खूण पुढे सरकवायचे. आता ही सगळी घरं नव्या पाळकांच्या यादीत आली, असं मी धरलं होतं. त्यांच्या खुणा त्यांनी स्वतः केल्या होत्या.

म्हणजे ही बटणं निकामी.

मी माझ्या पद्धतीने काम केलं. काही हलवण्याआधी ते कुठे होतं, शेवटचं कधी बदललं, हे वहीत उतरवलं. मग दुहेरी नोंदी काढल्या, फोल्डर वर्णानुक्रमे लावले, पाचही बटणं काढून 'किरकोळ'मध्ये टाकली. संगणक बंद केला. सव्वानऊ वाजले होते.

व्यवस्थित दिसत होतं. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा घेतली. अभ्यासिकेत जमिनीवर बसून पुस्तकं बांधत होते. आई स्वयंपाकघरात भांडी कागदात गुंडाळत होती.

चार वाजले...

मागे उजेड पडला. मी वळून पाहिलं.

संगणक चालू होता.

सॉफ्टवेअर आपोआप उघडलं. फेव्हरेट्सची यादी उघडली. आणि हळूहळू खाली सरकू लागली... थांबली... पुन्हा वर आली.

माउसच्या चाकाचा आवाज येत होता. टिक... टिक... टिक.

टेबलावर माउस नव्हता. तो मी सकाळीच वायर काढून खोक्यात ठेवला होता.

एक फोल्डर उघडला, मिटला. दुसरा उघडला, मिटला. कुणीतरी काहीतरी शोधत होतं. घाईने नाही. चष्मा नाकावर आणून, एकेक ओळ वाचत शोधावं तसं.

मग टेबलावर बोटाची टकटक. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा.

बाबांना काही सापडलं नाही की ते असंच करायचे.

माझ्या हातातून पुस्तकांचा गठ्ठा सुटला. धाडकन आवाज झाला.

"हळू गं!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्यांचं फोनवर चाललंय ना..."

आणि गप्प झाली.



चार वाजून सव्वीस मिनिटांनी संगणक बंद झाला. आई दाराशी आली, आत आली नाही.

"तोंडातून निघून गेलं," ती म्हणाली. "बारा वर्षांची सवय. बुधवारी चारला खोलीत कुणी जायचं नाही."

"कुणाला फोन करायचे?"

"बटणमावशीला. आणखी कोणाला?"

बटणमावशी आमची नात्याची नाही. ती शिवणकाम करायची. लहानपणी माझ्या कोटाचं बटण तुटलं की बाबा मला तिच्याकडे पाठवायचे. तिच्याकडे डबाभर बटणं असायची आणि ती त्यातून बरोबर जोडीचं काढायची. पुढे तिची दृष्टी गेली. ती मंडळीची सभासद नव्हती, देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, पायरी कधी चढली नव्हती. त्यामुळे नव्या पाळकांच्या यादीत ती नव्हती.

मी हे सगळं तिथेच सोडून देणार होते. वीजपुरवठ्यात दोष, थकवा, दोन्ही मिळून. कारणं पुरेशी होती.

पण बाबांचा एक स्वेटर तिच्याकडून आणायचा राहिला होता. शुक्रवारी कामावरून परतताना मी तिच्याकडे गेले.

ती खिडकीजवळ खुर्चीत बसली होती. फार वाळली होती. शेजारची नर्स मला दारातच हळू आवाजात म्हणाली, "आठवडा, फार तर दोन."

"कोण, मोजपट्टी का?" मावशीने विचारलं.

बाबा मला मोजपट्टी म्हणायचे. मी सतत काहीतरी मोजत बसायचे, त्यावरून.

"हो मावशी."

"बरं झालं आलीस. तुझ्या बाबाला काय झालंय? या बुधवारी फोन केला आणि बोललाच नाही. नुसता शोधत बसला. टिकटिक, टकटक. मी आपली कानाला लावून बसले अर्धा तास!"

मी खाली बसले.

"मावशी... बाबा गेले. तुला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं की. मी आंधळी आहे, बहिरी नाही."

"मग?"

"मग काय? गेला त्या आठवड्यात नाही आला फोन. दफनच चारला होतं, करणार कसा? पुढच्या बुधवारपासून आला. पाच बुधवार नीट वाचलं. आता एकच अध्याय राहिलाय बघ, अगदी शेवटचा. आणि ऐन वेळी हा माणूस पान हरवून बसला!"

आमच्या घरचा फोन बाबा गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात कापला गेला होता.

मी ते तिला सांगितलं नाही. तिला नको होतं आणि मलाही.

"पहिल्या पानापासून वाचतोय तो मला," ती म्हणाली. "बारा वर्षं. मी त्याला म्हटलं होतं, तुझं देऊळबिऊळ मला नको, नुसती गोष्ट ऐकव. तो म्हणाला, ऐकवतो, पण मध्येच सोडायची नाही. मी नाही सोडली. आता त्यानेही सोडू नये."

"मी वाचू का? आत्ता वाचते, पाच मिनिटांत होईल."

"तेच ना. तू पाच मिनिटांत उरकशील. तुला लहानपणापासून घाई." तिने माझा हात चाचपला. "मला शेवट ऐकायचाय गं. त्याच्याकडून. तेवढ्यासाठी थांबलेय."

घरी येऊन मी वही उघडली. मंगळवारी मीच लिहिलेलं पान.

सोम १०, मंगळ ५, शुक्र ११, शनि ६. चौघांचा शेवटचा बदल बाबा जाण्याच्या आधीचा.

बुध ४...

शेवटचा बदल त्या मंगळवारच्या आधीच्या बुधवारी, बाबा गेल्यावर सदतीसाव्या दिवशी. दुपारी चार वाजून सव्वीस मिनिटं.

माझंच अक्षर. मी ते उतरवलं होतं आणि वाचलं नव्हतं. दमलेला माणूस असंच करतो. नमुना हातात असतो आणि लक्ष घड्याळाकडे.

संगणकाचं घड्याळ मी माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं. दोन सेकंदांचा फरक होता.

मी नव्या पाळकांना फोन केला.

"याद्या अजून व्हायच्यात. पुढच्या शुक्रवारी न्या."

"ताई, जंगलात वाट चुकलात की काय?" ते हसले. मग माझा आवाज ऐकून थांबले. "राहू द्या, सावकाश करा. तुम्ही आधी झोपा जरा."

मी 'किरकोळ'मधून पाचही बटणं बाहेर काढली. पट्टीवर पूर्वीसारखी लावली, बुध ४ त्याच्या जागी. डावीकडून तिसरं, मंगळ ५ आणि शुक्र ११ यांच्या मधोमध. दाबून पाहिलं नाही. ते माझं नव्हतं.

पुढच्या बुधवारी पावणेचारला मी मावशीच्या शेजारी स्टूलवर बसले. तिचा फोन हाताशी होता, जुना, जड.

चार वाजले.

फोन वाजला नाही...

मावशीने मात्र रिसीव्हर उचलला. अगदी शांतपणे, वाजल्यासारखा.

"हं. बोल. आहे मी." मग मला म्हणाली, "ऐकायचंय?"

तिने रिसीव्हर माझ्या कानाला लावला. मी काय ऐकलं ते तेवढंच सांगते.

आवाज नव्हता. शब्दही नव्हता. पण फोन बंद असताना ऐकू येते ती शांतताही नव्हती.

ती एका खोलीची शांतता होती.

त्या खोलीत घड्याळ होतं, दर चौथ्या ठोक्याला किंचित अडखळणारं. बाबांच्या अभ्यासिकेतलं ते घड्याळ मी आदल्या दिवशीच कागदात गुंडाळून खोक्यात घातलं होतं, बॅटरी काढून.

आणि माउसचं चाक... टिक. एकदाच. पान सापडल्यावर थांबावं तसं.

मी रिसीव्हर परत दिला.  

ती ऐकत राहिली. ओठ हलत होते. मध्येच एकदा ती हसली, एकदा म्हणाली, "पुन्हा वाच ते." मी घड्याळाकडे बघत बसले. दुसरं काही करता येत नव्हतं.

चार वाजून तेरा मिनिटांनी तिने रिसीव्हर ठेवला. चेहरा शेवटचं बटण लावून दोरा तोडल्यावर होतो तसा.

"झालं," ती म्हणाली. "चांगला होता शेवट."

मी उठले. दारापर्यंत पोचले तेव्हा ती म्हणाली, "अगं, विसरलेच. म्हणाला, मोजपट्टीला सांग... सापडलं."

बटणमावशी गुरुवारी दुपारी गेली, त्याच खुर्चीत. नर्सने मला प्रयोगशाळेत फोन करून सांगितलं.

मी घरी आले. सात वाजायला आले होते. उद्या संगणक द्यायचा होता म्हणून याद्या शेवटच्या एकदा बघायला बसले.

पट्टीवर बुध ४ नव्हतं.

ते 'झाले'मध्ये होतं. मी ठेवलेलं नाही. आईला संगणक चालूही करता येत नाही.

मी पट्टी पुन्हा पाहिली. मंगळ ५ आणि शुक्र ११ यांच्या मधली जागा रिकामी नव्हती.

तिथे नवीन बटण होतं...

गुरु ७.

मी ते दाबलं. दाबायला नको होतं.

पहिलं पान उघडलं. पहिला अध्याय, पहिली ओळ. अक्षरं मोठी केलेली, बाबांना लागायची तेवढी.

मी संगणक बंद केला, वायर काढली. सकाळी नवे पाळक घेऊन गेले. आठवड्याने त्यांचा फोन आला.

"ताई, हे गुरु ७ काय आहे? मी दोनदा काढलं. परत येतं."

"ठाऊक नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

आता आम्ही दुसऱ्या घरात राहतो. दोन खोल्या, तिसरा मजला. मी साडेसहाला कामावरून येते. आई गुरुवारी तिच्या बहिणीकडे राहते. म्हणजे गुरुवारी सातला घरात मी एकटी असते, हात-पाय गळालेली, दिवाही न लावता बसलेली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दर गुरुवारी पावणेसातला मी मोबाइल बंद करते. अकरा गुरुवार झाले. भीती वाटते म्हणून करते, खोटं कशाला बोलू? बाबांची भीती नाही वाटत. ते वाचायला लागले तर मध्येच सोडता येणार नाही, आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बारा वर्षं लागतात.

मावशी 'तेवढ्यासाठी थांबलेय' म्हणाली होती. मला थांबायचंय की नाही, ते अजून ठरत नाही.

पण आज फार दमले आहे. एकशे दहा बाटल्या होत्या. हे लिहिता लिहिता घड्याळाकडे पाहायचं राहून गेलं.

सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं.

फोन समोर आहे... चालू.