पाठीखालचा हात

दुपारचे तीन वाजले होते, पण सोनोग्राफीच्या खोलीत नेहमीसारखा अंधार केलेला होता. मशीनचा पंखा घुरघुरत होता आणि टेबलावर दहा वर्षांची भाची पोट धरून पडली होती. तोंड मात्र बंद नव्हतं.

"मावशी, हे जेल बर्फात ठेवता का तुम्ही?"

"हो, खास तुझ्यासाठी. आता एका बोटानं दाखव, सगळ्यात जास्त कुठं दुखतंय?"

पोरीनं बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं उचललं. मावशी रोज वीस पोटं बघणारी डॉक्टरीण, पण आज टेबलावर घरचंच माणूस होतं. बहीण गेली तेव्हा ही पोर दीड वर्षाची होती. तेव्हापासून मावशीच तिची आई, आणि घरात दोघींशिवाय तिसरं कुणी नाही. आपल्या माणसाला आपण तपासू नये हा तिचाच नियम. पण दुसरे डॉक्टर रजेवर होते, आणि अडल्या वेळी कुठला नियम कामाला येतो?

सर्जन मघाशीच डोकावून गेले होते. दवाखान्यात त्यांच्या माघारी सगळे त्यांना 'लगीनघाई' म्हणत, कारण त्यांचं सगळं काम उभ्या उभ्या चालायचं. आज मात्र तेही दारात थबकले होते.

"रक्ताच्या पहिल्या रिपोर्टवरून नक्की सांगता येत नाही. दुसरा मागवलाय. अपेंडिक्स सुजलेलं दिसलं तर लगेच काढतो. नाही दिसलं तर उद्या सकाळपर्यंत थांबू."

सुजलेलं असलं आणि थांबलो, तर ते सकाळची वाट बघणार नाही, आतच फुटेल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिनं मशीनचा प्रोब पोटावर टेकवला. या कामात जोर उपयोगाचा नाही, धीर लागतो. श्वासाबरोबर थोडं थोडं दाबत जायचं, मग आतड्यातला वायू बाजूला सरतो. निरोगी अपेंडिक्स दाबलं की चपटं होतं, सुजलेलं होत नाही. पण आधी ते सापडायला तर हवं. वीस मिनिटं झाली तरी स्क्रीनवर नुसता राखाडी धूर.

अशा वेळी सिस्टर पेशंटच्या पाठीखाली हात घालून वर रेटून धरते, म्हणजे मागे दडून बसलेलं अपेंडिक्स पुढे येतं. पण सिस्टर रिपोर्ट आणायला गेली होती. मावशीचा उजवा हात प्रोबवर, डावा मशीनच्या बटणांवर. तिसरा आणायचा कुठून?

"ये की बाहेर, किती छळशील," ती अपेंडिक्सला म्हणाली. असं बोलायची तिला सवयच होती.

धूर हळूहळू निवळला. मोठ्या आतड्याच्या मागून एक नळी पुढे सरकली, करंगळीएवढी जाड. तिनं दाबून पाहिलं. चपटी होईना. तिनं चित्र थांबवलं आणि माप घेतलं. अकरा मिलिमीटर.

"मावशी, पाठीखाली गुदगुल्या नको ना करूस," पोर म्हणाली.

मावशीचे दोन्ही हात होते तिथेच होते.

"कुठं गं?"

"इथं खाली. काढ हात." मग जरा थांबून, "नको, राहू दे. गरम आहे. बरं वाटतंय."

तिनं डावा हात पाठीखाली सरकवला. चादर होती, चादरीखाली टेबल होतं. दुसरं काही नव्हतं.

तासाभरात ऑपरेशन उरकलं. लगीनघाई बाहेर आले आणि चक्क तिच्या शेजारी बसले.

"पोर सुखरूप आहे. पण ते कागदासारखं पातळ झालं होतं. दुपारीच फुटायला हवं होतं. का फुटलं नाही, मला विचारू नका. कुणीतरी ओंजळीत धरून ठेवल्यासारखं होतं."

ती रडली, मनसोक्त रडली. तिचं रडणं थांबेपर्यंत ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहायला तिनं ते चित्र पुन्हा उघडलं. काल तिची नजर मापावर होती. आज ती खाली गेली. नळीच्या खाली, पाठीच्या कण्याच्या अलीकडे, चार बारीक पांढऱ्या रेषा होत्या. प्रत्येकीमागे काळी सावली.

हाड असं दिसतं.

पण त्या जागी हाड नसतं. आणि या रेषांना सांधे होते, प्रत्येकीला दोन. चारही रेषा नळीभोवती किंचित वळलेल्या.

तिला घाम फुटला. तरी मशीन बंद करवेना.

"आलीस होय," ती हळूच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पोटात पाणी साठलंय का ते बघायचं होतं. पोर खुशीत होती. टाके दुखतील म्हणून हसता येत नाही, एवढीच तिची तक्रार.

पाणी नव्हतं. सगळं स्वच्छ होतं.

रेषा होत्या. आता त्यांच्यात धरायला काही नव्हतं, आणि त्यांची टोकं वर वळली होती, प्रोबच्या दिशेनं.

तिनं प्रोब अगदी हलकेच दाबला.

आतून कुणीतरी तितक्याच हलकेच दाबलं.