शेवटची अदलाबदल

ऑफिसचं जुनं कॉम्प्युटर मशीन आल्हादच्या राइट टाउनच्या घरी होतं, म्हणून प्रणोती सिविल लाइंसहून स्कूटरने रोज तिथेच कामाला येई. डिस्क आकड्याचे बाइट एका टोकाकडून लिहिते, मशीन दुसऱ्या टोकाकडून वाचतं. मधे ते उलटून द्यावे लागतात. हे उलटणं आल्हादने वर्षानुवर्षं खपून जागोजागी हाताने लिहिलं होतं. या कालच्या पोरीने आठवड्यात ते सगळं झाडून तयार फंक्शनं बसवली. आणि तपासायचं कोणी? आल्हादनेच! साहेब म्हणाले होते, सफाई पार पडली की डिस्क वाचणारा हा प्रोग्राम, म्हणजे अख्खा ड्रायव्हर, तिच्या नावावर. नुसता तिळपापड झाला होता त्याचा.

घरातही तेच. दुपारी तिने पानं वाढली ती चटणी उजवीकडे, भाजी डावीकडे. चुकली एकदाची, म्हणून आल्हादला बरं वाटलं. आई मात्र हसली.

"अगं बेटा, असं उलटं पान पितरांना वाढतात. जित्या माणसाला नाही."

वर तिच्या वरणावर तुपाची जास्तीची धार. आल्हादच्या भातावर नेहमीएवढीच.

जेवून तो तिच्या कोडमध्ये चूक शोधत बसला. एक सापडेल तर शपथ. शेवटी एक ओळ दिसली, एकाच बाइटची अदलाबदल करणारी. आता एकट्या बाइटची कोणाशी अदलाबदल करणार?

"ही काहून ठेवली?"

"दादा, कोणी लिहिली तेच दिसत नाही. तिच्याने काही होत पण नाही." प्रणोती घुटमळली. "रहने दो ना. मी काढायला गेली, तर कसंतरीच वाटलं."

"कसंतरीच! मग सफाई कसली करून राहिली तू?"

त्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ओळ त्याने स्वतःच्या हाताने काढली आणि साहेबांना दिसेल असा शेरा मारला, 'प्रणोतीच्या नजरेतून सुटलेली.' त्या रात्री त्याला छान झोप लागली.

सकाळी घड्याळ उजव्या मनगटावर होतं. शर्टाची काजं भलत्याच बाजूला आली होती. त्याने आईला दोनदा चहा मागितला. आई देव पुसत राहिली.

प्रणोती आली, सरळ मशीनपाशी बसली. चाचणी पार पडली. डिस्क अचूक वाचली जात होती.

त्याने ड्रायव्हरमधल्या आपल्या उरलेल्या जुन्या ओळी उघडल्या. एकूण एक तशाच होत्या. पण प्रत्येकीपुढे लिहिणाऱ्याचं नाव प्रणोतीचं.

"माझं नाव कुठे गेलं? ए, तुला विचारून राहिलो मी!"

ती टाइप करत होती. तिचा फोन वाजला.

"जी सर," ती हळूच म्हणाली. "त्यांच्यानंतर आता मीच बघते."

आईने जेवायला हाक मारली. प्रणोतीचं पान वाढलं, मग त्याचं. त्याच्या भातावर आईने तुपाची धार सोडली, चांगली दुप्पट. प्रणोतीपेक्षा जास्त! त्याचा जीव सुखावला.

मग त्याला चटणी दिसली.

उजवीकडे.

"आई, मी इथेच आहे ना."

आईने हात जोडले, त्याच्यासमोरचं पान उचललं आणि गॅलरीच्या कठड्यावर नेऊन ठेवलं.

"थांब जरा, बेटा," ती प्रणोतीला म्हणाली. "कावळा शिवू दे."