उजेडाखालची पिशवी

अमरसिंहाच्या हाडांनी रक्त बनवायचं सोडलं, तेव्हापासून तो परक्यांच्या रक्तावर जगत होता. त्याची बायको क्रांती कोल्हापुरातल्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. प्लेटलेटच्या पिशव्या तीच तयार करायची. त्या फ्रीजमध्ये ठेवून चालत नाहीत. उबेत हलवत ठेवाव्या लागतात, आणि उबेत जंतूही माजतात. तशाच एका पिशवीनं अमरसिंह खाट वाजेपर्यंत हुडहुडला होता. मरता मरता वाचला.

पुढं पेढीत उजेडाचं यंत्र आलं. पिशवीत जीवनसत्त्वाचं पिवळंधमक औषध सोडायचं, ती आत ठेवायची, झाकण लावायचं. आत अतिनील दिवे लागत, पिशवी डोलत राही. त्या उजेडानं जंतूला एकाचे दोन होता येत नसे. तेवढ्यानं भागायचं. नवऱ्याची पिशवी क्रांतीनं स्वतः लावली. त्याला ताप आला नाही. पुढंही कधी आला नाही.

उन्हाळ्यात त्यांच्या बावड्यातल्या घरी दही लागेनासं झालं.

"विरजण मेलंय गं," सासू धोंडुबाई म्हणाल्या. शेजारून नवं आणलं. सकाळी भांड्यात दूधच, गोड, पातळ. साखर कारखान्याच्या मळीच्या वासानं अख्खी गल्ली आंबलेली असायची, आणि यांच्या ओट्यावरचं दूध तापवलं नाही तरी नासत नव्हतं. मटकीला मोड येईनात. आंबोळीचं पीठ फुगेना. क्रांतीनं भांडी उकळली, पाणी बदललं. मग मटकीची पुरचुंडी शेजाऱ्यांच्या घरी ठेवून बघितली. तिथं बोटभर मोड आले.

त्याच यंत्रातल्या पिशव्या घेणाऱ्या पेशंटांना तिनं आडून विचारलं.

"दही? लागतंय की. का वो म्याडम?"

अमरसिंह चार दिवस कागलला बहिणीकडं राहिला, तेव्हा बावड्यात दही लागलं. बहिणीचा फोन आला. "वैनी, तुमच्याकडं पण दही लागंना का?"

अशात, इतक्या वर्षांनी, क्रांतीला दिवस गेले. गोठ्यात म्हशींना वैरण टाकणाऱ्या नवऱ्याला तिनं हसत सांगितलं.

तो मागं सरला. खांबाला पाठ टेकेपर्यंत सरत गेला.

"मी मळ्यातल्या खोलीवर ऱ्हातो."

"येड्यागत काय बोलताय? तुमच्या अंगात काय जातंय ते मला म्हाईत हाय की. मीच लावते ती पिशवी."

"म्हणूनच म्हणतोय."

तो गेला. दुसऱ्याच सकाळी दही कवडी पडून लागलं. धोंडुबाईंनी ते मोरीत ओतलं आणि तिथंच बसून राहिल्या.

मग त्यानं पिशव्या घ्यायचंही बंद केलं. क्रांती मळ्यात धावली. दाराला आतून कडी होती. खिडकीतून दिसले ते त्याचे हात, कोपरापर्यंत जांभळे. हिरड्यांतनं रक्त येत होतं.

"अहो, चला. शास्त्रात असलं कायबी बसत न्हाई."

"दह्याला कुठं शास्त्र ठावं हाय?" तो म्हणाला. "मी न्हाई ऱ्हायलो तर न्हाई. प्वार वाढू दे."

गावकऱ्यांनी दार फोडलं तेव्हा डोक्यात रक्तस्राव होऊन तो पडला होता. दवाखान्यापर्यंत पोचला नाही.

दिवसकार्य उरकल्यावर धोंडुबाईंनीच तिला सोनोग्राफीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले. घोडं दौडावं तसे. सासूसुना एकमेकींचा हात धरून रडल्या.

"ठोके मस्त आहेत," बाई म्हणाल्या. मग त्यांनी बाळाचं माप घेतलं. पुन्हा घेतलं. "तारीख चुकली असेल तुमची."

पुढच्या महिन्यात तेच माप.

त्याच्या पुढच्याही.

मोठ्या दवाखान्यात दाखवून झालं. काढून टाका, असं कुणाच्या तोंडून निघत नाही. ठोके इतके स्वच्छ आहेत.

क्रांतीबरोबर दिवस गेलेल्या बायकांची पोरं आता रांगतात. तिचं पोट सपाट आहे. ती अजून दर महिन्याला जाते. डॉक्टरीणबाईंनी माप घ्यायचं सोडलंय.

त्या ठोक्यांचा आवाज तेवढा मोठा करतात.